गादीवाल्याचा संघ

२ नोव्हेंबर, रविवार

दुर्गाचे पडणे आता सगळ्या गोंदियाने पाहिले आहे. आज भाजीबाजारात एका बाईने हातातली मेथी खाली ठेवून विचारले, "पोत्यात पडली होती थे तूच ना वो?" दुर्गा म्हणाली, "मीच." मेथीची एक जुडी जास्त मिळाली.

प्रत्यक्षात जे घडले ते माझ्या वहीत आहे. आंतरमहाविद्यालयीन सामना, पाचवा डाव. मारलेला चेंडू सरळ वर उडाला. दुर्गा आमची कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारी. ती मास्क फेकून मागे धावली आणि प्रायोजक मिलने जाहिरातीसाठी रचलेल्या तांदळाच्या थप्पीवर आदळली. थप्पी अंगावर, दोन्ही पाय आकाशात. चेंडू मात्र सुटला नव्हता. पोत्यांतून ग्लोव्ह वर आला, पंचांनी आउट दिला, मी नोंदला. व्हिडिओत पाय वर होतात, खाली तांदळाचे नाव झळकते आणि ग्लोव्ह वर येण्याआधीच तो संपतो.

तो व्हिडिओ भाभींचा. भाभी म्हणजे मिलच्या शेठजींच्या धाकट्या सूनबाई. संघाचे गणवेश, दुर्गाचे नवे पॅड, सगळे त्यांच्याकडून येते. मुली भाभी म्हणतात, म्हणून मीही.

दुर्गाला व्हिडिओचे काहीच वाटत नाही. तिला फक्त २७ तारीख दिसते: नागपूरला विभागीय संघाची निवडचाचणी. कॅचरची जागा एकच. गेल्या वर्षी हिचे नाव राखीव म्हणून लागले होते. ते दोन शब्द, 'राखीव खेळाडू', तिने कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवले आहेत. बाहेरच्या बाजूला काकूंनी, म्हणजे तिच्या आईने, दिलेले देवीचे चित्र. काकूंनी तिला माझ्या खोलीवर ठेवले ते माझ्यासारखा अभ्यास करील या आशेने. झाले उलटे. एम.ए. मराठी करणारी मी बेसबॉलची गुणनोंद लिहिते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज मी सतरा जणींसमोर पावणेदोन तास बोलले. हे वाक्य पुन्हा वाचून पाहिले. खरे आहे.

भाभींनी मिलच्या पाहुण्यांच्या खोलीत संघाला चित्रपट दाखवला. बेसबॉलचा, विनोदी, अमेरिकेतला. बोलणे इंग्रजी, खालची अक्षरेही इंग्रजी. रोशनी, आमची चेंडू टाकणारी पिचर, म्हणाली, "वसुधाताई वाचून दाखवन." मी नको म्हणायच्या आत दुर्गाने मला ढकलून पडद्याशेजारच्या खुर्चीवर बसवले.

वाचताना जे मराठी तोंडून आले ते माझेच, दुसरे माझ्याजवळ नाही. एक खेळाडू पंचाच्या अंगावर धावून जातो. मी वाचले, "पंच महोदय, आपण आपली दृष्टी एकदा तपासून घ्यावी." रोशनी ओरडली, "शिव्या कुठं गेल्या वो ताई? तो तं टमाट्यावानी लाल झाला!" मुली खुर्च्यांवरून घसरल्या. चित्रपटाला हसत होत्या की मला, हे मी ठरवू शकले नाही. वाईट वाटले नाही, एवढे मात्र नक्की.

कथा अशी: एक गाद्यांचा व्यापारी बुडत चाललेला संघ विकत घेतो. संघातला एक उंच खेळाडू उलटा धावताना हमखास पडतो. लोक हसतात. गादीवाला मैदानाच्या कडेला आपल्या गाद्या अंथरतो. तो पडतो, गादीवरचे नाव दिसते, गर्दी वाढत जाते. शेवटच्या सामन्यात सगळा संघ गाद्यांवर कोसळतो, चेंडू झेलला जातो, सर्वत्र आनंद.

मध्ये मध्ये गादीवाला कचेरीत बसून कोणाकोणाशी बोलतो. ते प्रसंग लांब, त्यांत खेळ नाही. मुली "पुढं चालवा ना" म्हणत होत्या, आणि माझा घसाही बसत आला होता. "येथे व्यापाराचे बोलणे चालले आहे" एवढे सांगून मी ते सोडून दिले. असे तीनदा.

भाभी जाताना म्हणाल्या, "वसुधाजी, आपने तो पिक्चर से ज़्यादा हँसाया." रात्रभर घशाला हळद-मीठ.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

भाभींचा प्रस्ताव. २३ला आमच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. सकाळी दंडारीचा लोकनाच, संध्याकाळी नाटक; मधल्या वेळात बेसबॉलचा 'कॉमेडी मॅच', तिरोड्याच्या मुलींच्या संघाशी. कापणी झालेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मैदान आखायचे. होम प्लेटच्या, म्हणजे जिथे धाव पूर्ण होते त्या जागेच्या, मागे धानाची तणस पसरायची, त्यावर मिलची रिकामी पोती. दुर्गाने प्रत्येक डावात एकदा तरी पडायचे. बदल्यात नागपूरचा जाण्यायेण्याचा खर्च आणि पूर्ण संघाला नवे बूट.

"बिलकुल उस पिक्चर जैसा," भाभी म्हणाल्या. "आखिर में सब खुश."

मुली एका सुरात हो म्हणाल्या. दुर्गा सगळ्यात मोठ्याने: "पडाले काय लागते? मी तं फुकटात पडतो."

क्री. सरांनी, म्हणजे आमच्या क्रीडाशिक्षकांनी, फक्त माझ्याकडे पाहिले. त्यांना माझे मत हवे होते का? मी वहीत समास आखत बसले.

९ नोव्हेंबर, रविवार

भाभींकडून चित्रपट मागून घेतला होता. सकाळी तो परत पाहिला. आवाज बंद, फक्त अक्षरे. या वेळी कचेरीतले प्रसंग सोडले नाहीत.

पहिला: गादीवाला हातात घड्याळ घेऊन प्रेक्षकांचे हसणे मोजतो. पुढे पडले तर हसू लवकर विझते, मागे पडले तर टिकते. तो प्रशिक्षकाला सांगतो, मागे पडायला शिकवा.

दुसरा: संघात एक चांगला खेळाडू आहे, तो पडत नाही. त्याला बाकावर बसवतात.

तिसरा: मोठ्या संघाचा माणूस त्या उंच खेळाडूला पाहायला येतो. गादीवाला त्याला कॉफी देतो, आपल्या हाताने साखर ढवळतो आणि म्हणतो, तो मुलगा सध्या आजारी आहे. माणूस निघून जातो. उंच खेळाडूला हे शेवटपर्यंत कळत नाही. चित्रपटालाही पुढे त्याची आठवण राहत नाही. तो थेट गाद्यांवरच्या आनंदाकडे जातो.

गादीवाला दुष्ट असता तर सोपे झाले असते. तो तसा नाही. सामन्यानंतर खेळाडूंना स्वतः सूप वाढतो, कोणाच्या आईला बरे नाही हे त्याला माहीत असते. त्याचा संघावर जीव आहे. फक्त त्याला संघ गाद्या खपवण्यासाठी हवा आहे, आणि गाद्या खपण्यासाठी कोणीतरी पडत राहायला हवे. तिकीट काढून हसणाऱ्यांनाही यात काही गैर दिसत नाही. मलाही दिसले नव्हते. मंगळवारी मीही हसले.

श्रावणात गावच्या बायकांना पोथी वाचून दाखवताना आजवर एक ओवी गाळली नाही. चित्रपट वाचताना मात्र नेमके हे तीन प्रसंग गाळले. आणि मी सांगितले तेवढ्या चित्रपटावर विश्वास ठेवून सतरा जणींनी हो म्हटले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सराव. तणस येऊन पडली आहे. दुर्गा पडण्याचा सराव करते, मुली गुण देतात. मला हसू आवरले नाही, हेही लिहून ठेवते.

पण वही काही वेगळे सांगते. चेंडू कॅचरच्या मागे गेला तर दोष पिचरचा की कॅचरचा, हे गुणलेखकाने ठरवायचे असते. संपूर्ण ऑक्टोबरात दुर्गाच्या नावावर असा एक चेंडू. या आठवड्यात सहा. सगळे खाली टप्पा पडलेले. असा चेंडू आला की कॅचरने गुडघे टेकून पुढे झुकायचे, हनुवटी छातीला, चेंडू अंगावर घ्यायचा. दुर्गा आता टाचांवर जाते. क्षणभरच. शरीर मागे पडायची तयारी करते आणि चेंडू पायांखालून निघून जातो.

रोशनी म्हणाली, "ताई, हे माये नावावर लिव्हा ना, तिची चाचणी हाये." चांगली मुलगी. मी दुर्गाच्याच नावावर लिहिले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुर्गाला सगळे सांगितले. तीन प्रसंग, सहा चेंडू. ती आलू सोलत होती.

"मंग? पिक्चर हाये थे."

मी टाचांचे सांगितले. ती उठली, खोलीच्या मध्ये बसली, म्हणाली, "टाक." मी तिच्यासमोर आलू टाकला. ती टाचांवर गेली. दुसरा टाकला. पुन्हा तेच. तिने आलू उचलला.

मग जे म्हणाली ते तसेच लिहिते. "तू हे तवाच काऊन नाई वाचलं?"

मी म्हणाले, कंटाळवाणे होते, तुम्हाला खेळ पाहायचा होता.

"कंटाळा आला असता तं आमाले आला असता. तू कोन ठरवनारी? मले काय समजत नाई?"

पहिल्या वर्गापासून पहिली आलेल्या माणसाला हे कोणी विचारलेले नसते.

भाजी झाली. मग ताट पुढे सरकवत म्हणाली, "जेव. मीठ कमी हाये, सांगून ठेवतो. मी काही गाळत नाई."

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुर्गा म्हणते ती स्वतः भाभींना नाही म्हणणार नाही. "बूट आले हायेत. मुलींनी घालून पायले. आता मी एकटीनं काऊन मोडता घालू?" चाचणीचा खर्चही त्यांचाच. क्री. सर म्हणतात महाविद्यालयाकडून प्रवासाची मंजुरी यायला चाचणी होऊन जाईल.

म्हणजे बोलायचे असेल तर मी. गाळलेले ज्याचे त्यानेच वाचून दाखवावे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मिलवर गेले. उकडलेल्या उसन्या तांदळाचा ओलसर वास कपड्यांत अजून आहे. काय बोलायचे ते कागदावर लिहून नेले होते. पहिले वाक्य झाल्यावर तो पिशवीत ठेवला.

मी म्हणाले, "भाभी, आपण दाखवलेल्या चित्रपटातील तीन प्रसंग मी त्या दिवशी अनवधानाने वगळले. ते आज आपल्या निदर्शनास आणून देऊ इच्छिते." आणि दिले.

भाभींनी सगळे ऐकले. मध्ये दोनदा फोन आला, उचलला नाही. मग म्हणाल्या, "अरे वसुधाजी, कॉमेडी पिक्चर है, आप तो सप्ताह सुनके आई हो ऐसा बता रहे हो. और एक बात बताओ. वो गादीवाला नहीं आता तो टीम बचती क्या?"

नसती बचावली. हे मलाही रविवारी सुचले होते.

"पंधरा साल से कॉलेज में बेसबॉल है. किसको पता था? दुर्गा गिरी, तब पता चला. ससुरजी बोलते थे क्रिकेटवालों को देंगे पैसा, लड़कियों का कौन देखता है. मैं लड़ी. वो वीडियो दिखाके लड़ी."

हे मला माहीत नव्हते. त्यांच्या टेबलावर शेठजींचा मोठा फोटो. भाभींची खुर्ची मात्र बाजूला, फायलींच्या कपाटाला लागून.

मी म्हणाले, "आपण लढलात त्याबद्दल कृतज्ञ आहोत. परंतु व्हिडिओत दुर्गा बाद झाल्यासारखी दिसते. वास्तविक तिने समोरच्या खेळाडूला बाद केले होते. आणि आता ती खरोखरच मागे पडू लागली आहे. सत्तावीस तारखेला तिची चाचणी आहे."

भाभी हसू लागल्या. मला वाटले, थट्टा. त्या म्हणाल्या, "वास्तविक! परंतु! आप माइक पे ऐसेच बोलोगे? सच में. दुर्गा नहीं गिरेगी, सीधा खेलेगी. आप कॉमेंट्री करो. ऐसीच मराठी में. पब्लिक हँसना चाहिए मेरे को, कोई भी हँसाए."

विचार करते म्हणाले. त्यांनी समोसा मागवला. मी खाल्ला. बाहेर पडताना जाणवले, गादीवाल्याने नुकतेच मलाही सूप वाढले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दुर्गाला सांगितले. ती इतकी हसली की घरमालकीण वर आल्या. "तू? माइकवर? गावात? काका ऐकतील, ताई! ग्रामपंचायतीवाले ऐकतील!"

मग गंभीर झाली. "मायासाठी कायले करतं? तुले तं दुकानात साबन मागाले लाज वाटते."

तिच्यासाठी करते आहे, हे खरे. चूक माझी होती, हेही खरे. तिसरे लिहायला संकोच वाटतो: त्या मंगळवारी पडद्याशेजारच्या खुर्चीवर मला बरे वाटले होते.

भाभींना हो कळवले. विकली गेले का? किंमत तर मीच विचारली नाही. चांगल्या व्यापाऱ्याचे लक्षण नाही हे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दुर्गा टाचांशी झगडते आहे. क्री. सरांनी तिच्या मागे विटांची रांग लावली. मागे गेली की टाच विटेला लागते. आज चाळीसपैकी तीनदा. सर एवढेच म्हणाले, "शिकायला आठवडा लागला, मोडायला महिना लागेल. आपल्याकडे सात दिवस." सर फार बोलत नाहीत, बोलतात तेव्हा झोप लागत नाही.

मी आरशासमोर बोलून पाहिले. आरसाही अवघडला.

२३ नोव्हेंबर, रविवार. गावी

घाईत लिहिते, म्हणून अक्षर असे.

मंडई भरली होती. सिंगाडे, ऊस, पाळणा, बांगड्या. सकाळची दंडार संपली आणि लोक उठलेच नाहीत, तसेच बांधीकडे वळले. काका पहिल्या रांगेत, डोक्याला उपरणे. काकू दुर्गाच्या पॅडकडे पाहून म्हणाल्या, "एवढं सामान बांधून जीव गुदमरत नाई का वो?"

भाभींनी माइक दिला. मी म्हणाले, "उपस्थित ग्रामस्थहो, आज आपल्या गावाच्या बांधीमध्ये बेसबॉल या क्रीडाप्रकाराचे आगमन होत आहे." पहिला हशा. मागून कोणीतरी: "मास्तरीनबाई, हजेरी घेऊन राह्यल्या का?" दुसरा हशा. मग मी माइक आणखी जवळ घेतला.

लोक हसत होते, आणि मधे मधे विचारतही होते. "थे पोरगी मारून काऊन पराली?" "चार गोल कायचे हायेत?" मी सांगत गेले. आमच्या गावाने मला कधी प्रश्न विचारला नव्हता, फक्त टक्के विचारले होते.

तिसऱ्या डावापासून गडबड. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला. तणशीकडे बोट दाखवून लोक ओरडू लागले, "पड! पड!" आधी पोरे, मग मोठी माणसे, मग ठेका धरून. दुर्गा मास्कमध्ये, चेहरा दिसत नव्हता. भाभी मोबाइल रोखून उभ्या. त्यांनी 'पड' म्हटले नाही. नको असेही म्हणाल्या नाहीत.

चौथ्या डावात तिरोड्याची एक मुलगी तिसऱ्या बेसवर. रोशनीचा चेंडू खाली, थेट धानाच्या खुंटावर. मी माइक तोंडापासून दूर नेला होता, किंचाळले असते. दुर्गा पुढे झुकली. चेंडू छातीवर बसला, समोर पडला. धावणारी मुलगी होम प्लेटकडे येत होती. दुर्गाने चेंडू उचलला आणि तिला टेकवला. आउट.

बांधीभर "अरेरे" झाले. पडली नाही ना.

मी म्हणाले, "आपण जे पाहण्यासाठी आला होता, ते घडलेले नाही. घडले ते असे: चेंडू जमिनीवर आपटून उसळला. दुर्गाने तो छातीने अडवला. तो मागे गेला असता तर एक धाव झाली असती. ती झाली नाही."

काका उभे राहिले. दुर्गाचे वडील म्हणून नव्हे. खरेच कळेना म्हणून. "छातीनं? बॉल कडक रायते का वो?"

मी म्हणाले, "काका, आपणच हाती घेऊन पाहावा." पंचांनी चेंडू दिला. काकांनी दाबून पाहिला, काकूंकडे दिला. काकूंनी शेजारणीला. मग तो सगळ्या बांधीभर फिरला, हातोहात, म्हाताऱ्या माणसांनी बोटांनी टकटक करून पाहिले, एका बाईने स्वतःच्या छातीवर हलकेच ठेवून पाहिला आणि तोंडावर पदर घेतला. सामना थांबलेला. चेंडू परत यायला बराच वेळ लागला. "पड" कोणी म्हणाले नाही त्यानंतर.

आम्ही जिंकलो. आणि शेवटचा आउट झाल्यावर, सगळे संपल्यावर, दुर्गा मास्क काढून तणशीपाशी गेली, ग्लोव्ह वर करून चेंडू सर्वांना दाखवला आणि धाडकन मागे पडली. दोन्ही पाय आकाशात. मंडई वेडी झाली.

मी माइक खाली ठेवला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बसमध्ये विचारले. मी तुझ्यासाठी माइक धरला, आणि तू पडलीस?

"लोक आले होते ना वो. एकदा पडली तं काय झालं. खेळ झाल्यावर पडली, खेळात नाई पडली." मग खिडकीबाहेर पाहत, "आन मले आवडते पडाले."

सगळे प्रसंग वाचूनही हे त्या चित्रपटात मला सापडले नव्हते.

भाभींनी दोन व्हिडिओ टाकले: हातोहात फिरणारा चेंडू, आणि पडणे. पडणे कितीतरी जास्त पाहिले गेले. त्यांनीच फोन करून सांगितले. "धंदा ऐसाच है, वसुधाजी. लेकिन बॉलवाला मैंने अपने मायके में भेजा."

२७ नोव्हेंबर, गुरुवार. नागपूर

चाचणी. माझ्याकडे वही नव्हती. निवड समितीचा स्वतःचा गुणलेखक होता, चष्म्याचा, अबोल. त्याच्या पेन्सिलीकडे पाहत बसले.

कॅचर पाच होत्या. प्रत्येकीला खालचे बारा चेंडू. दुर्गाचा पहिला पुढे, दुसरा पुढे. तिसऱ्याला टाच उचलली आणि ती सरळ पाठीवर. चेंडू मागे. कोणीतरी हसले, तो व्हिडिओ त्यांनीही पाहिला असावा. गुणलेखकाने काही लिहिले.

उरलेले नऊ तिने अडवले. एक गळ्याच्या हाडावर लागला, तरी. फेकीचा वेगही तिचाच सर्वांत चांगला, माझ्या नजरेने. माझी नजर मोजली जात नाही.

गाडीत बसल्यावर दुर्गा: "एक गेला." आमगाव भागातल्या एका आजीने तिला ओळखले आणि पेरू दिला. अर्धा मला.

३० नोव्हेंबर, रविवार

यादी उद्या दुपारी लागेल.

भाभींना या हंगामात आणखी मंडया हव्यात. दुर्गा खेळणार, मी बोलणार. मी म्हणाले, या वेळी कागदावर असू द्यावे. माझ्या मराठीत लिहून दिले: सामन्यात पडायचे की नाही ते दुर्गा ठरवील. व्हिडिओत आउट असेल तर आउट दिसला पाहिजे. आणि विभागीय संघात निवड झाली तर १४ डिसेंबरच्या मंडईला दुर्गा येणार नाही. त्या दिवशी तिचे शिबिर असेल. १४ची मंडई सर्वांत मोठी. शेठजी स्वतः येणार आहेत.

आज भाभींनी कागद परत पाठवला. पहिल्या दोन अटींपुढे स्वच्छ सही. तिसरीपुढे पेन्सिलीने एकच शब्द: 'देखेंगे'. सोबत निरोप, ससुरजींना विचारावे लागेल, आणि यादी तर लागू द्या, अभी से क्या.

म्हणणे रास्त आहे. यादीत नाव नसेल तर अट उरतच नाही. मी भाभींना कळवले, उद्या संध्याकाळपर्यंत थांबू.

दुर्गा गळ्याच्या हाडाला बर्फ लावून बसली होती. तिने कागद मागितला, पूर्ण वाचला, माझे 'उपरोक्त' आणि 'तथापि' सकट, कुठेही न थांबता. मग माझ्या हातातला पेन घेतला आणि 'देखेंगे'च्या खाली, तिच्या मोठ्या, तिरक्या अक्षरात लिहिले, "१४ले मी शिबिरात राहीन. दुर्गा."

मी विचारले, "आणि नाव नसले तर?"

"तं तवा पाहू. आता तं लिवलं."

उद्या महाविद्यालयात जाण्याआधी मिलवर जाऊन कागद मीच देणार आहे. सकाळी दहाला, यादीची वाट न पाहता. यादी दुपारी दोनला.